सर्व्हर मुंबईतच हवा

वडनेर भोलजीच्या पाच-सात पोरांनी संध्याकाळी संगणकावर एकत्र विमान उडवायचं, तर त्यासाठी मुंबईच्या डेटा सेंटरमधलं यंत्र भाड्यानं घ्यायची गरजच काय, असा सवाल पुण्यातल्या एका स्नेह्यांनी मला चार पानी पत्रातून केला आहे. ते मूळचे आमच्याच नांदुरा तालुक्यातले, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या पदावर, आणि पोरांबद्दल त्यांना खरोखर आस्था आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खेळासाठी क्लाउड ही उधळपट्टी, शाळेत जुनं मशीन पडून आहे, त्यावर सर्व्हर चालवा, तेही नको असेल तर जगभरात फुकट सर्व्हर आहेत, त्यांना जोडा, आणि शेवटी, खेड्यातल्या नेटवर हे नीट चालणारच नाही, तेव्हा पोरांना त्यापेक्षा अभ्यास करू द्या. नेमके हेच मुद्दे मी गावातल्या पालकांकडून आणि एक-दोन शिक्षकांकडूनही ऐकले आहेत. म्हणून उत्तर एकट्या त्यांना न देता सगळ्यांसमोर देतो आहे.

आधी पोरं काय करतात ते सांगतो, कारण पत्रात ते कुठंच विचारलेलं नाही. ती फ्लाइटगिअर वापरतात. १९९७ पासून जगभरातल्या हौशी आणि जाणत्या लोकांनी मिळून घडवलेला हा सिम्युलेटर संपूर्ण मोफत आहे, त्याचा कोडही खुला आहे. जुन्या लॅपटॉपवर चित्रांची सजावट कमी केली की सेसना १७२ हे चार आसनी विमान व्यवस्थित चालतं. जळगावहून उडायचं आणि अकोल्याच्या शिवणी विमानतळावर उतरायचं, हा त्यांचा आवडता मार्ग. वडनेर या दोन्हींच्या साधारण मधोमध येतं. खाली भुसावळ-अकोला रेल्वे आणि धुळे-कोलकाता महामार्ग, डाव्या हाताला पूर्णा नदी. मलकापूर मागं पडलं की आपलं गाव, मग नांदुरा. सगळी वाट खुणांनीच ओळखायची. शिवणीच्या खऱ्या धावपट्टीच्या विस्ताराचं वर्षानुवर्षं भिजत घोंगडं आहे, पण आमची पोरं तिथं नेहमी उतरतात.

एक पोरगा जळगावचा टॉवर होतो, एक पोरगी अकोल्याचा. बाकीचे वैमानिक. आवाजासाठी मम्बल नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याला एक जोडणी लावली की तो खऱ्या विमानाच्या रेडिओसारखा वागतो. फ्रिक्वेन्सी चुकली तर कुणी ऐकत नाही. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं. आणि विमान फार खाली असेल, तर लांबचा टॉवर ऐकूच येत नाही, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची गोलाई आड येते. वडनेरवरून पाचशे फुटांवर चाललेल्या पोराला अकोला ऐकू येईना, तेव्हा तो घरातून ओरडला, "काका, अकोला बोलूनच नाही राहिलं!" त्याला म्हटलं, तीन हजार फुटांवर जा. तो चढला, आणि आवाज आला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हे एका परिच्छेदात संपतं. त्याला ते स्वतःच्या कानांनी कळलं.

आता पत्रातला खर्चाचा हिशेब. स्नेह्यांनी महिन्याला काही हजारांचा आकडा काढला आहे, आणि तो त्यांच्या गृहीतकांवर बरोबर आहे. गृहीतकं मात्र चुकीच्या सर्व्हरची आहेत. ती डीसीएस वर्ल्डची आहेत, आणि तो लढाऊ विमानांचा सिम्युलेटर आहे. त्याच्या सर्व्हरला विंडोज लागतं, भरपूर मेमरी लागते, डिस्क शंभर जीबीच्या पलीकडे जाते, कारण रणांगणावरचे रणगाडे, क्षेपणास्त्रं, संगणकानं चालवलेली शत्रूची विमानं हे सगळं तो सर्व्हर स्वतः चालवतो. त्यावर पत्रात ग्राफिक्स कार्ड असलेलं यंत्रही धरलं आहे. ते तर डीसीएसच्या सर्व्हरलाही लागत नाही. सर्व्हर चित्र काढत नाही, चित्र ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर निघतं.

फ्लाइटगिअरचा सर्व्हर याहून कितीतरी साधा आहे. विमानाचं सगळं गणित, म्हणजे पंखावरची उचल, इंजिनाचा जोर, वाऱ्याचा परिणाम, प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर होतं. सर्व्हर फक्त निरोप्याचं काम करतो. प्रत्येक लॅपटॉप सेकंदाला दहा वेळा एक छोटं पॅकेट पाठवतो: मी कुठं आहे, नाक कुठं वळलंय, वेग किती, वळण्याचा वेग किती. सर्व्हर ते उचलतो आणि शंभर नॉटिकल मैलांच्या आतल्या बाकी सगळ्यांना देतो. जळगाव-अकोला हे अंतर त्यात सहज बसतं. एवढ्या कामाला क्लाउडमधलं सगळ्यात लहान यंत्रही पुरून उरतं. १ जीबी मेमरीचं लिनक्स यंत्र मुंबईत तासाला साधारण रुपयाला पडतं.

खरा खर्च यंत्राचा नाहीच, तो बाहेर जाणाऱ्या डेटाचा असतो, आणि पत्रात नेमका त्याचाच उल्लेख नाही. आठ वैमानिक असतील तर प्रत्येकाचं पॅकेट बाकी सातांना जातं, म्हणजे छप्पन्न प्रवाह. सेकंदाला दहा पॅकेटं, प्रत्येक सुमारे एक हजार बाइटचं धरलं (वरची मर्यादा बाराशेच आहे), तर सेकंदाला ५६० किलोबाइट आणि तासाला दोन जीबी. आठवड्यातून चार संध्याकाळी दोन-दोन तास उडालो तर महिन्याला सत्तरेक जीबी. ज्याचं यंत्र आम्ही भाड्यानं घेतो तो ॲमेझॉन महिन्याला पहिले १०० जीबी बाहेर जाऊ देताना पैसे घेत नाही, म्हणजे आपण आत आहोत. पण हेच सोळा जण झाले, तर प्रवाह दुप्पट होत नाहीत, २४० होतात, चौपटीहून जास्त. तासाला साडेआठ जीबी. मग बिल लागतं. त्याला उपाय आहे: सेकंदाला दहाऐवजी पाच पॅकेटं पाठवायची, डेटा निम्मा होतो, आणि सेसनासारख्या संथ विमानाला फरक फारसा जाणवत नाही. हा हिशेब आमच्या अकरावीतल्या पोरीनं कागदावर मांडला होता. एन गुणिले कंसात एन वजा एक हे सूत्र तिला गणिताच्या तासाला शिकवलेलं होतंच. ते पैशात कसं उतरतं, हे इथं दिसलं.

लपलेले खर्चही सांगून टाकतो, नाहीतर माझ्यावर अर्धसत्य सांगितल्याचा आरोप येईल. २०२४ च्या १ फेब्रुवारीपासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकारतो. पत्ता कायमचा धरून ठेवला तर यंत्र बंद असतानाही मीटर चालू राहतो आणि महिन्याचे तीनशेच्या वर रुपये जातात. म्हणून पत्ता धरून ठेवायचा नाही. यंत्र चालू झालं की नवा पत्ता मिळतो आणि मोफत डायनॅमिक डीएनएस सेवेत तो एका ठरलेल्या नावासमोर आपोआप नोंदवला जातो. पोरांना फक्त नाव लक्षात ठेवायचं. डिस्कचे साठ-सत्तर रुपये मात्र यंत्र बंद असलं तरी लागतातच. रात्री साडेदहाला यंत्रानं स्वतःच बंद व्हावं यासाठी क्रॉनमध्ये, म्हणजे यंत्राच्या वेळापत्रकात, एक ओळ, आणि बिल ठरावीक रकमेपुढं गेलं की फोनवर इशारा. हे सगळं केल्यावर, १८ टक्के जीएसटी धरूनही, महिना दोनशे रुपयांच्या आत बसतो. बिल रुपयांत येतं, भारतात नोंदलेल्या कंपनीकडून येतं. डॉलर, क्रेडिट मर्यादा वगैरे जी भीती पत्रात आहे ती जुनी झाली.

शाळेतल्या जुन्या मशीनचा मुद्दा सगळ्यांना पटण्यासारखा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. विजेच्या बाबतीत मी त्यांची बाजू आधी मान्य करतो. शंभर वॉटचं मशीन महिनाभर रात्रंदिवस ठेवलं तर ७२ युनिटं जळतात. पण तेही फक्त संध्याकाळीच चालवलं तर तीन-चार युनिटांत काम भागतं. तास तेवढेच धरले तर शाळेतलं मशीन क्लाउडपेक्षा स्वस्त आहे. आणि सगळी पोरं एकाच खोलीत, एकाच राउटरवर बसणार असतील, तर सर्व्हर त्याच खोलीत असावा. क्लाउडचा प्रश्नच येत नाही. तसं असतं तर हा लेख मी लिहिलाच नसता.

पण पोरं एका खोलीत नसतात. तिघं वडनेरला, एक नांदुऱ्याला, दोघं मलकापूरला, एक जण शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला गेला आहे, आणि अधूनमधून पुण्याहून एखादा जोडला जातो. शाळा पाचला बंद होते, संगणक कक्षाला कुलूप लागतं. जेवणं उरकून पोरं आठनंतर बसतात. किल्ली कुणाकडे, हा प्रश्नही एक वेळ सोडवता येईल.

सुटत नाही तो प्रश्न पत्त्याचा आहे. आपल्याकडे घरोघरी जे नेट येतं, मोबाइलचं असो की फायबरचं, त्यातल्या बहुतेकांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही. कंपनी एकाच पत्त्यामागं शेकडो ग्राहक बसवते. मोठ्या वाड्याला एकच दार आणि आत शंभर बिऱ्हाडं, तसं हे आहे. आतून बाहेर पाठवलेल्या पत्राचं उत्तर बरोबर त्या बिऱ्हाडात येतं, कारण द्वारपालानं नोंद ठेवलेली असते. पण बाहेरून कुणी नवं माणूस आलं आणि म्हणालं, मला आतल्या सर्व्हरकडे जायचंय, तर त्याला कुठल्या दारावर थाप मारायची ते कळायलाच मार्ग नाही. सर्व्हरचं तर कामच हे, की अनोळखी ठिकाणाहून आलेली हाक त्यानं ऐकावी. शाळेतलं मशीन कितीही दणकट असो, या व्यवस्थेत ते मलकापूरच्या पोराला सापडत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण अडसर राउटरच्याही पलीकडे, कंपनीच्या यंत्रणेत आहे. वेगळा स्थिर पत्ता विकत मिळतो, पण बहुधा व्यावसायिक जोडणीवर, आणि त्याचे महिन्याचे पैसे क्लाउडच्या यंत्रापेक्षा जास्त होतात.

यावर स्नेही म्हणतील, टनेल वापरा. त्यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडून ते येणारच. टनेलची साधनं दोन घरांच्या मधल्या भिंतीत भोक पाडायचा प्रयत्न करतात. दोन्हीकडे अशी कडक व्यवस्था असेल तर ते बऱ्याचदा जमत नाही, आणि मग सगळा डेटा कुठल्यातरी मधल्या यंत्रातून फिरवला जातो. ते मधलं यंत्र कुठं असतं? क्लाउडमध्येच. फक्त ते आपलं नसतं, कुठल्या शहरात आहे हे आपण ठरवत नाही, आणि उद्या त्याची फुकट सेवा बंद झाली तर आपल्याला विचारून होत नाही. आयपीव्ही६, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत, हा उद्याचा उपाय आहे, हे खरं. पण त्यासाठी प्रत्येक पोराच्या घरी तो असावा लागतो आणि प्रत्येक राउटरनं तो आत येऊ द्यावा लागतो. आजच्या संध्याकाळी तसं नाही.

विजेचा मुद्दा मग उरतोच. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, त्यात संध्याकाळी वादळ उठलं की लाइट जाते, आणि ती कधी येईल ते सांगता येत नाही. एका पोराच्या घरची लाइट गेली तर एक विमान गायब होतं. बाकीचे उडत राहतात. सर्व्हरच गावात असेल तर सगळ्यांचंच आकाश बंद होतं, शेगावच्या पोराचंसुद्धा, जिथं वीज आहे.

पत्रातलं एक वाक्य मला विशेष खटकलं: एकाच गल्लीतल्या दोन पोरांची पॅकेटं मुंबईला जाऊन परत यावीत, यासारखी दुसरी अव्यवहार्य गोष्ट नाही. दिसायला ते तसंच दिसतं. पण एका घरी एका कंपनीचं सिम आणि समोरच्या घरी दुसऱ्या कंपनीचं फायबर असलं, तर त्यांची पॅकेटं गल्लीत एकमेकांना भेटतच नाहीत. दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना मोठ्या शहरातच जोडलेली असतात. समोरच्या घरी पाठवलेला फोटोही त्याच लांबच्या वाटेनं येतो, ते आपल्या लक्षात येत नाही एवढंच. जी वाट पॅकेटं मुळातच चालतात, तिच्या वळणावरच सर्व्हर ठेवला, तर वाट वाढत नाही.

आणि ही वाट किती लांब? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वडनेर ते मुंबई पाचशे किलोमीटर धरले तर एका बाजूला अडीच मिलिसेकंद. प्रत्यक्षात मधली यंत्रं, वळसे धरून फायबरवर जायला-यायला मिळून तीस-चाळीस मिलिसेकंद लागतात. सेसना शंभर नॉटनं जात असेल तर सेकंदाला एक्कावन्न मीटर कापते. चाळीस मिलिसेकंदांत दोन मीटर. म्हणजे माझ्या शेजारी उडणाऱ्या पोराचं विमान मला जिथं दिसतं, त्याच्या दोन मीटर पुढं ते असतं. पॅकेटमध्ये वेग आणि वळणही असल्यामुळे सिम्युलेटर तेही बरंचसं भरून काढतो. युरोपातल्या सर्व्हरवरून हेच दीडशे मिलिसेकंद झाले, तर साडेसात मीटर. त्यात मोबाइलच्या नेटची भर पडून अडीचशे झाले, तर तेरा मीटर, आणि सेसनाच्या पंखांची लांबी आहे अकरा मीटर. सरळ उडताना हे लपतं. वळणावर मात्र शेजारचं विमान टुणकन उडी मारून आपल्या पंखात घुसतं, आणि पोरं म्हणतात, सॉफ्टवेअरच भंगार आहे.

म्हणून "जगातले फुकट सर्व्हर आहेत की" हा सल्ला मला मान्य नाही. ते सर्व्हर चांगल्या लोकांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून चालवले आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे. पण अंतर त्यांना बदलता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रातल्या केबली तुटल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तुटल्या. दोन्ही वेळा आशिया-युरोप वाहतूक लांबच्या वाटेनं वळवावी लागली. जळगावहून अकोल्याला जाणाऱ्या विमानाचा लाल समुद्राशी काय संबंध? सर्व्हर युरोपात ठेवला की संबंध जोडला जातो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सार्वजनिक सर्व्हरवर कुणीही येतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींना अनोळखी माणसांचे चॅट यावेत, हे मला नको आहे, आणि त्यांच्या आयांना तर मुळीच नको आहे. स्वतःच्या सर्व्हरवर दार आपण बंद करू शकतो. फ्लाइटगिअरच्या सर्व्हरला पासवर्डाची सोय नाही, हा त्यातला कच्चा दुवा मी लपवत नाही. ठरावीक पत्त्यांनाच आत सोडायचं म्हटलं, तर पोरांचे पत्ते रोज बदलतात आणि शेकडो लोकांत वाटलेले असतात. उपाय वायरगार्डचा आहे: यंत्रावर एकच दार उघडं, प्रत्येक पोराला स्वतःची किल्ली, आणि विमानाचं व मम्बलचं सगळं बोलणं त्या कुलूपबंद वाटेतून. एखादा गट सोडून गेला तर त्याची किल्ली काढून टाकायची, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. दोन पोरांनी हे एका रविवारी बसून केलं. पुण्यातल्या कंपन्या ज्या कामाला माणसं नेमतात, त्याचीच ही धाकटी आवृत्ती आहे.

काही पालक मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरचं नाव काढतात. त्याचा देखावा डोळे दिपवणारा आहे, यात शंका नाही. जगाचा दोन पेटाबाइटांहून जास्त नकाशा कंपनीच्या क्लाउडमधून उतरत राहतो. पण तिथं स्वतःचा सर्व्हर ठेवायची मुभाच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली त्या दिवशी गर्दीनं कंपनीचे सर्व्हर कोलमडले, आणि पैसे मोजलेल्या लोकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. शिवाय तो डेटा दीड जीबीच्या रोजच्या रिचार्जवर परवडायचा नाही. आमच्या फ्लाइटगिअरमध्ये उडताना एका पोराला तासाला अडीचशे एमबी लागतात. खानदेश-विदर्भाचा भूभाग एकदाच उतरवून घेतला आहे, तो पेनड्राइव्हवरून घरोघरी फिरतो.

"खेड्यातल्या नेटवर हे चालणारच नाही" या वाक्यात थोडं तथ्य आहे. टॉवरवर संध्याकाळी गर्दी होते, पॅकेटं कधी लवकर, कधी उशिरा येतात, आणि हे शेवटचं अंतर मुंबईचा सर्व्हर दुरुस्त करू शकत नाही. पण हा दोष असताना त्यात वर आणखी सहा हजार किलोमीटर घालायचे की नाही, एवढंच आपल्या हातात आहे. ॲमेझॉनची मुंबईतली यंत्रणा २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टची पुण्यात त्याच्याही आधी, २०१५ पासून. ही यंत्रं महाराष्ट्राच्याच जमिनीवर, महाराष्ट्राच्याच विजेवर चालतात. बँका, शेअर बाजाराचे दलाल, सिनेमे दाखवणारी ॲप्स त्यांचा दिवसरात्र वापर करतात. त्यातला तासाभराचा एक रुपया वडनेरच्या पोरानं खर्च केला की ती उधळपट्टी कशी होते, हे मला समजून घ्यायचं आहे.

राहिला अभ्यासाचा मुद्दा. घरच्या सिम्युलेटरवरचे तास वैमानिकाच्या परवान्यात धरत नाहीत. कमर्शियल परवान्याला दोनशे तास खऱ्या विमानात उडावं लागतं, आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात, कैक लाखांच्या घरात जातो. हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, कुणाच्या डोळ्यांत खोटं स्वप्न घातलं नाही. तरी जळगावच्या विमानतळावर उड्डाण प्रशिक्षण सुरू झालं आहे, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ ला प्रवासी विमान उतरलं आणि तिथं एअर इंडियानं मोठी प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली. ही ठिकाणं वडनेरपासून काही तासांवर आहेत. आमच्यातली एखादी पोरगी तिथं प्रवेशाला गेली, तर रेडिओवर बोलताना तिची जीभ अडखळणार नाही. आणि जी सहा-सात तिथं कधीच जाणार नाहीत, त्यांना लिनक्सचं यंत्र उभं करता येतं, पॅकेट कुठं अडलं ते शोधता येतं, बिल वाचता येतं, फायरवॉल लावता येते. पुण्यात हेच शिकायला लोक हजारो रुपये भरतात. कापसाला भाव नाही म्हणून घरात चिंता असलेल्या पोराच्या हाती असं कसब येत असेल, तर त्याला खेळ म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही.

पत्रात शेवटी विचारलं आहे: उद्या कंपनीनं भाव वाढवले किंवा खातं बंद केलं तर? तर आम्ही निघून जाऊ. सर्व्हरचा कोड खुला आहे, आमची सगळी मांडणी दोन-तीन छोट्या फायलींत मावते, त्यांची प्रत पेनड्राइव्हवर आणि एका पोराच्या वहीतही आहे. पनवेलला, दिल्लीला भारतीय कंपन्यांची डेटा सेंटरं आहेत. एका संध्याकाळी तिथं हलवता येईल. अडकायला आम्ही तिथं काही ठेवलेलंच नाही. शाळेतलं मशीन जळालं, तर मात्र नवं आणायला निधीची वाट बघावी लागते.

स्नेह्यांना मी उत्तरासोबत दोन गोष्टी मागितल्या आहेत. खात्याची दुसरी किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवावी, म्हणजे मी आजारी पडलो किंवा माझा फोन हरवला तरी यंत्र कुणाला तरी बंद करता येईल. आत्ता ती एकट्या माझ्याकडे आहे आणि ते बरं नाही. आणि दर रविवारी संध्याकाळी तासभर त्यांनी जळगावचा टॉवर व्हावं. त्यांचं इंग्रजी चांगलं आहे, आवाज स्पष्ट आहे. पोरांना अनोळखी, मोठ्या माणसाच्या तोंडून सूचना ऐकून त्या बिनचूक परत म्हणायची सवय व्हायला हवी, आणि ती मी देऊ शकत नाही, कारण माझा आवाज त्यांना पाठ झाला आहे. वायरगार्डची त्यांची किल्ली तयार करून पाठवली आहे. आठ वाजता यंत्र चालू होतं, पहिलं विमान सव्वाआठला धावपट्टीवर येतं.